दवाखान्यातलं माझं ऑफिस

रोहा,
गुरुवार, दुपार

ती. सगुणाआत्याच्या पायांवर रितेशचं डोकं. (वर बघायची हिंमत नाही, म्हणून थोडा वेळ ते तिथेच राहू दे.)

तुझे गुडघे कसे आहेत? तळ्याचं पाणी किती उतरलं? प्रणितावहिनीची कंबरदुखी थांबली का? इकडे आम्ही सर्व ठणठणीत आहोत. त्या ‘सर्व’मध्ये मीसुद्धा आहे, आणि तेवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि मग निम्मी आळी मधे मधे ‘व्हय, व्हय’ करते. तेव्हा चष्मा लाव आणि तुझं तूच वाच. वहिनीला मोठ्याने वाचायला देऊ नकोस.

आत्या, मला मूळव्याध नाही. कधीच नव्हती. लिहिलं एकदाचं.

आता मुळापासून सांगतो. आमच्या कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद केलं आणि ‘कुठूनही काम करा’ म्हणून कळवलं. मी घरी आलो, तेव्हा तूच विचारलंस की नोकरी गेली का रे. मला ते लागलं. मी ऐटीत सांगितलं की कंपनीने मला रोह्यात एसी ऑफिस दिलंय. (एसी म्हणायची काय गरज होती, ते अजून कळलेलं नाही.) बाबांनी ते चार जणांना सांगितलं, आणि मग रोज सकाळी डबा घेऊन मला कुठेतरी जाणं भाग पडलं.

मोबाईलवर ‘को-वर्किंग स्पेस’ शोधली तर बाजारामागे एक सापडली. पाटी होती, आत भाताची पोती होती. मालक म्हणाला, धंदा चालला नाय, पण तुम्ही पोत्यावर बसू शकता. वाचनालयात बसलो तर पहिल्याच मीटिंगला तीन पेन्शनरांनी पेपर खाली करून माझ्याकडे असं पाहिलं की मी मीटिंग म्यूट करून नुसता मान हलवत राहिलो, आणि त्या मान हलवण्यात कंपनीचं एक जादा काम अंगावर घेऊन बसलो. स्टेशनच्या बाकावर बसलो तर दर गाडीच्या घोषणेला साहेब विचारायचे, कुठे निघालात? शेवटी हमरापूरला मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. माझ्यामागे दीडशे मूर्ती बघून साहेबांनी मीटिंगमध्येच चपला काढल्या. त्यानंतर कामाचं कोणी बोलेना, सगळे आपापल्या मूर्तीची उंची सांगू लागले.

मग एके दिवशी रोह्यात भर बाजारात लाईट गेली. एकाच ठिकाणी इन्व्हर्टर चालू दिसला, मी पाटी न वाचता आत शिरलो. आत एसी, पिण्याचं पाणी आणि ओळीने चौदा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या! माणसं खूप होती, पण सगळी उभी होती. (आपल्याला खुर्ची कशी मिळाली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण फुकट मिळालेल्या खुर्चीला कोण प्रश्न विचारतो?) कंपाउंडर महिपतीचा प्रिंटर मी सुरू करून दिला, त्याने वायफायचा पासवर्ड दिला, आणि कोपऱ्यातली चौदावी खुर्ची माझी झाली. साहेबांनी विचारलं, मागे लोक उभे का? मी म्हटलं, आमच्याकडे उभ्यानेच काम करतात, आरोग्याला चांगलं असतं. साहेबांनी त्याचं कौतुक केलं.

तिथेच, म्हणजे मूळव्याधीच्या त्या दवाखान्यात, तुझ्या शेजारच्या गिरजाबाईंनी मला पाहिलं. एकदा नाही, तीनदा. (त्या स्वतः तिथे तीनदा कशाला आल्या होत्या, हे तुमच्या अख्ख्या गावात कोणीही विचारलं नाही.) बातमी तुझ्याकडे आणि तुझ्याकडून बाबांकडे आली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवायच्या पाटावर मधे भोक असलेली रबरी उशी दिसू लागली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे एसी ऑफिसचंही सांगावं लागलं असतं. मी गुपचूप उशीवर बसलो. मग त्यावरचं औषध म्हणून तुझ्याकडून सुरण येऊ लागला. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरण घातलेलं ताकसुद्धा. तू पाठवत होतीस, मी खात होतो आणि खोटं पचत होतं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू तळ्यातला जिताडा काढलास. दोन वर्षं वाढवलेला. पाहुण्यांना वाढलास, मला सुरण वाढलास, आणि स्वतः वरणभात घेऊन बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, “मासली नाय खात मी आता. तू नीट बसलास का मंगच खाईन. देवीला शब्द दिलाय.” वहिनीने नंतर हळूच सांगितलं की अडीच महिने झाले, सुक्या जवळ्यालाही तू हात लावलेला नाहीस. आत्या, सकाळच्या चहाबरोबर भाजलेला बोंबील खाणारी तू! मला तिथेच बोलायला हवं होतं. मी घास गिळला आणि हूं म्हटलं.

आणि याहून वाईट पुढेच आहे. परत येताना मी कोलाडला उतरलो आणि खानावळीत बसून माशांची थाळी खाल्ली. कढी दोनदा मागून घेतली. वाटी तोंडाला लावली तेव्हा तुझं वरणभाताचं ताट डोळ्यांसमोर आलं आणि मला माझीच किळस आली. (तरी वाटी रिकामी केली, हे लपवत नाही.) त्या दिवसापासून मला झोप नाही. लाज वाटते, आत्या. एका रिकाम्या खुर्चीसाठी आणि एका फुशारकीसाठी मी तुला उपाशी ठेवलं.

तर आता हे पत्र संपवून ऊठ, आणि आजच मासळी आण. देवीला माझं नाव सांग, दंड मी भरीन.

तुझा नालायक भाचा,
रितेश

ता. क. : ऑफिस सुटलं. डॉक्टरांनी मला काल आत बोलावलं आणि हात जोडले. म्हणाले, चार महिने रोज येणारा पेशंट बघून नवीन माणसं दारातूनच परत जातात, याला गुण नाय तर आपल्याला काय येणार! तेव्हा सोमवारपासून तुझ्या ओटीवर बसू का? एक प्लग आणि थोडी शांतता एवढंच हवं. आळीला काय सांगायचं ते तूच ठरव.

आणखी एक : हे पाकीट चिकटवायच्या आत, आज संध्याकाळी, निरोप म्हणून डॉक्टरांनी मला फुकट तपासलं. चार महिने त्या कडक खुर्चीवर दहा-दहा तास बसून मला खरोखरच झाली आहे. सुरुवातच आहे म्हणतात. पण आत्या, तू नवस बोललीस तो खोट्या दुखण्यासाठी, तो फिटला. हे नवीन दुखणं माझ्या कमाईचं आहे, ते माझं मी भोगीन. देवीला यातलं काही सांगू नकोस. तू जेव गो.