घरगुती जेवण मिळेल

बाबा, गेल्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन जव्हारच्या बाजूला गेलो होतो. दहिसरचा चेकनाका मागे पडला तशी तुमची नात फोनवर जेवायच्या जागा शोधायला लागली. "आई, इथे झोपाळा आहे, बदकं आहेत, फॅमिलीसाठी बेस्ट लिहिलंय." शेतातलं घर, पुढे मांडव. तिथल्या बाईंनी गरम भाकरी आणि वालाची उसळ वाढली, मुलांना तिखट लागेल म्हणून वेगळं वरण केलं. कोणी काही विचारलं नाही. तरी त्या वाढायला वाकल्या की मी हात आखडून ताटाकडे बघत राहायचे. "जेव ना गं आई," लेक म्हणाली. मी भाकरीचा तुकडा मोडला.

ती कोकणातली दिवाळीची सुट्टी तुम्ही विसरला नसणार. मी दहा वर्षांची, भाऊ चारचा. एसटीतून उतरल्यापासून तुम्ही आम्हाला चालवताय. "घरगुती जेवण मिळेल" अशी पाटी दिसते, तुम्ही दाराशी थबकता, आत बघता आणि "पुढे बघू" म्हणता. एक घर, दुसरं, तिसरं. भाऊ रडून रडून आईच्या खांद्यावर झोपलाय. उन्हाने माझं डोकं ठणकतंय, आणि आपण थांबत का नाही ते कोणी सांगत नाही. चौथ्या घरातल्या आजींनीच हाक मारली, "अहो, पोरं दमलीत, बसा." ओटीवर ताटं मांडली. भात वाढताना त्यांनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही खाली बघून भलतंच आडनाव सांगितलंत. "बाबा, खोटं काय सांगता?" मी मोठ्याने म्हणाले, आणि आपलं खरं आडनाव सांगून टाकलं.

आजींचा हात थांबला. वाईट शब्द एकही नाही. "असं होय," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा कोणी वाढायला आलं नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "जेवण झालं की ताटं तेवढी मागच्या नळावर धुऊन ठेवा." पलीकडे जेवलेल्या कुटुंबाची ताटं त्यांची सून उचलून नेत होती. आई उठायला लागली तर तुम्ही म्हणालात, "तू बस." आपली तिन्ही ताटं तुम्ही घासलीत, प्रवासासाठी घातलेल्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून.

स्टँडवर आईने मला धपाटा घातला. तुम्ही तिचा हात धरलात. "तिला का मारतेस? पोर खरं बोलली. खोटं मी बोललो." त्यानंतर कुठेही गेलो तरी चपात्या आणि बटाट्याची भाजी घरूनच यायची, झाडाखाली बसून खायची. आणि पाहुण्यांपुढे तुम्ही कौतुकाने सांगायचात, "आमची पोरगी खोटं बोलत नाही." मी मान खाली घालायचे. तुम्हाला वाटायचं, लाजते.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे लिहिलेले कागद कपाटातच राहणार. पण बाबा, मी भोळी नव्हते. शाळेत, चाळीत ऐकलं होतं सगळं. आडनाव कशासाठी विचारतात ते मला दहाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. उन्हात वणवण केल्याचा राग होता तुमच्यावर. चारचौघांत तुमचं तोंड उतरलेलं बघायचं होतं मला, म्हणून बोलले.