आयवारात वांगी

आई,

पातेल्याचं झाकण काढण्याआधी हे वाचा. तुम्ही चर्चमध्ये होतात तेवढ्यात सगळ्या लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून, वर्षभराची आयवाराची चटणी मी एकटीनं घोटली. आणि त्यात वांगी घातली. हो, वांगी! तुमच्या घरात आयवारात वांगं घालणारी सून अजून जन्माला यायची होती ना? आली.

धुरात बसले, पण मास्क लावून. गोळ्या वेळेवर घेतल्यात. नेबोयशाला फोन करू नका, तुमचा लेक उगाच काम टाकून धावत येईल.

मला किडनी दिलीत तेव्हापासून तुम्ही एका शब्दानं टाकून बोलला नाहीत मला. घेवडा करपला, तरी "छान झालाय गं बाळा." इस्त्रीनं पडदा जाळला, तरी "असू दे बाळा." आधी मी "भवाने" होते, आणि मीही तुम्हाला सोडत नव्हते. आता बोलायची चोरी! तोंड उघडलं तर लोक म्हणतील, जिनं जीव वाचवला तिच्यावरच उलटली. स्वतःच्या घरात पाहुणी झालेय मी. वैताग आलाय!

पातेलं उचलू नका, जड आहे. टाके तुम्हालाही पडलेत.

मी समोर स्ताना मावशींकडे आहे. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवलीय. चव घ्या आणि तिथूनच ओरडा, पूर्वीसारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. माझं उत्तर तयार आहे.

यास्ना