लुगड्याची पट्टी

आई, तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली आन् आज मी तुझ्यावर चिडलेय. अक्षर माझं नाही, मला ते कवा येत होतं. मी बोलतेय आन् नात लिहितेय. मधेच हसते आन् पेन थांबवते. तिला म्हटलं, हसू नको, टाके ओढतील.

टाके कसले, ते सांगते. तिच्या छातीचं ऑपरेशन झालंय. रोग काही नव्हता, भार कमी केला. तू वर बसून तोंडाला पदर लावला असशील, तर लाव. चोवीस वर्षांची पोर रोज दौंडहून गाडीनं पुण्याला कामाला जाते आन् संध्याकाळी मान धरून बसते. खांद्यावर बंदांच्या चऱ्या पडलेल्या, उन्हाळ्यात खालची कातडी घामानं सोललेली. तुला हे नवीन नाही. माझ्या अंगावर तू हेच पाहिलं होतंस.

आठव, लग्नाआधी केंदूरच्या आपल्या घरी मी चुलीसमोर उभी आहे. तू जुन्या लुगड्याची वीतभर रुंद पट्टी फाडली आहेस. माझ्या पाठीला गुडघा लावून ती आवळतेस, गाडीवर कडबा आवळावा तशी. मी म्हणते, आई, श्वास घेता येत नाही. तू म्हणतेस, "घेऊ नगंस. बाईमाणसाला एवढा श्वास लागत न्हाई." दुसऱ्या पोरींना लग्नात आयांनी डूल दिले, तू माझ्या ट्रंकेत नवी पट्टी ठेवलीस, धुऊन, घडी घालून. का बांधायची, कुठवर बांधायची, खुरपायला वाकल्यावर पाठ मोडली तर काय करायचं, एक शब्द नाही.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं सांगितलं. मी शेजारीच बसले होते. आधी बसवून पेनानं खुणा करणार, शिंपी करतो तशा. मग भूल देऊन दोन-तीन तास. बोंडं वर घेणार. वण वर्षभरात फिके पडतील पण पुसणार नाहीत. काही ठिकाणी बधिर वाटेल, एखादीला कायमचं. पुढं बाळाला अंगावर पाजता येईलच असं नाही. हे ऐकून मी नातीकडं पाहिलं, तर ती शांतपणे म्हणाली, विचार केलाय मी. बघ आई, विचार. तो कसा करतात हे आपल्याला कुणी दाखवलंच नाही. शेवटी मीच विचारलं, "डॉक्टरीणबाई, नातीबरोबर आजीचंही उरकता का, एकावर एक फुकट?" बाई हसल्या. नात लाजून खिडकीबाहेर बघत बसली.

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. आन् सहा आठवडे रात्रंदिवस छातीला घट्ट पट्टा, त्यानं सूज दबते. तो पट्टा ऐकूनच माझं डोकं फिरलं. एवढं कापून-शिवून पुन्हा आवळायचंच?

पोर घरी आली आन् रेल्वेच्या क्वार्टरात पाठ सरळ करून चालायला लागली. ती माझ्यापेक्षा उंच आहे हे मला तवा कळलं. पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तर डावी बाजू फुगलेली, आत पाणी साठलेलं. ते सुईनं काढलं. बाईंनी पट्टा बघितला आन् तिला झापलं, घरी सैल करतेस ना, मी सांगितलं होतं ना. ती बिचारी परत परत म्हणत होती, नाही हो, आंघोळीलासुद्धा काढला नाही. बाईंना ते खरं वाटलं नाही. येताना गाडीत ती दौंडपर्यंत रडली. मी तिला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली.

आई, पट्टा मी सैल करत होते. दुपारी गोळी घेऊन तिला गाढ झोप लागायची, पट्टा कातडीत रुतलेला दिसायचा, आन् मला तुझा गुडघा आठवायचा. मी पुढचे हुक काढायची. म्हणायची, घे माझे बाय, श्वास घे. ती जागी व्हायच्या आत पुन्हा लावायची. पाच दुपारी केलं. बाई तिला बोलत होत्या तवा मी तिथंच स्टुलावर बसले होते, पदराशी चाळा करत.

आता पेन थांबलाय. मी म्हणते, लिही. ती म्हणते, "आज्जी, तेव्हा का नाही बोललीस? मी खोटी ठरले."

घे, दे तू उत्तर. तू कधी काही बोलली नाहीस म्हणून तुझ्यावर चिडायला बसले होते आन् त्या स्टुलावर मी हुबेहूब तूच झाले होते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. ट्रंकेत तुझ्या पट्टीखाली ठेवू. पट्टी अजून आहे, हे हिलाही आजच कळलं. सोमवारी पुन्हा तपासणी आहे. बाईंपुढं आधी मी बोलायचं, असं ठरलंय. आत्तापासूनच मी ते वाक्य घोकत बसलेय. तेवढं लिहू नको म्हटलं, तर हिनं नेमकं तेच लिहिलं.