दादा नसलेला फोटो

२ सप्टेंबर, मुलुंड
सकाळी आईने पुन्हा वहिनीला धुऊन काढलं. बिचारी पोळ्या लाटत होती. "ह्या बाईक घोव नको असा, म्हणान त्याका हाडीत नाय." वहिनीलाच नवरा नको, म्हणून ती दादाला घरी आणत नाही, म्हणे. अकरा महिने हेच. वहिनीने गॅस बंद केला, डबा न घेता ऑफिसला निघाली. जिन्यात मला म्हणाली, "मंजू, पुढचा गणपती मी ह्या घरात बसवणार नाही. तू बघ काय ते."
मी काय बघू? दिवसभर स्टुडिओत पासपोर्ट फोटो. हनुवटी खाली घ्या. हसू नका. मला तर कुणाला हसा म्हणायचीही वेळ येत नाही.

४ सप्टें.
एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)
दादा गेल्या सप्टेंबरात हिमाचलात गेला. एकटा, पाठीवर सॅक, दहा दिवसांची रजा. तिथल्या डोंगरातल्या एका तळ्याकाठी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो वहिनीला पाठवला, बस. नंतर काही नाही. खालच्या गावातले करम सिंग त्याला शोधायला वर गेले. शोधणाऱ्यांची आणखी एक टोळी पलीकडच्या दरीत जाणार होती. तिसऱ्या दिवशी दुपारी करम सिंगांचा घरी फोन. घरात आई एकटी. ते म्हणाले, "माताजी, फोटोवाली झील मिल गई."
हिंदीत झील म्हणजे तळं. आमच्या मालवणात झील म्हणजे मुलगा.
आई जिन्यात येऊन ओरडली, "झील गावलो! माझो झील गावलो!" शेजारच्या काकूंनी हातावर साखर ठेवली. वहिनी देवासमोर बसून रडली. आणि मी, शहाणी, शिकलेली, त्या दुसऱ्या टोळीला फोन करून सांगितलं, थांबा, जायची गरज नाही, मिळाला. उलटा फोन करून करम सिंगांना विचारलं नाही. कळलं तेव्हा दीड दिवस गेला होता, आणि त्याच संध्याकाळी बर्फ पडला.
मी थांबवलं त्यांना. मी.

५ सप्टें.
आईला आज परत समजावलं. हिंदीत झील म्हणजे तळं गं. नेटवरचे फोटो दाखवले. "माका हिंदी शिकवू नको. त्या माणसान सांगितल्यान, गावलो." मी म्हटलं, तो 'गई' म्हणाला, बाई असल्यासारखं. तर म्हणे, ते लोक तसेच बोलतात, गाडी पण गई आणि बाबा पण गई.
मग दादाचा तो शेवटचा फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने बोट ठेवलं. दादावर. "फोटोतलो झील. ह्यो बघ. ह्योच गावलो."
खरंच आहे, त्या फोटोत तळं म्हणजे दादाच्या कानामागची पांढरी पट्टी. बाकी सगळा दादाच, आणि खाली त्याचा चीर गेलेला दगड.
म्हटलं, आणि मी तळ्याचाच फोटो आणला तर? नुसत्या तळ्याचा? तिने फोटो माझ्या हातात परत दिला. मग, "तू काढलेलो मानीन मी."

९ सप्टें.
करम सिंगांशी बोलले. वीस तारखेनंतर वरच्या हवेचं सांगता येत नाही म्हणाले. सोळाला त्यांच्या गावातून निघायचं ठरलं. सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून योगी हिलचा चढ दोनदा. डावा गुडघा बोंबलतोय. एकेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यभर पडद्यासमोर स्टूल ठेवून फोटो काढले. निसर्ग म्हणजे त्या पडद्यावरचा.
वहिनी रजा घेऊन आईजवळ राहणार. "फोटो मिळव गं. नाहीतर मी वेडी होईन." तिने मला दादाचे लोकरी मोजे दिले. मी घेतले नाहीत. का कोण जाणे. नवे घेतले.

१६ सप्टें.
गाव सोडलं. करम सिंग पुढे, मी मागे. साठीचा माणूस, बोलत नाही फार. मीच पचकले. तुमच्या त्या फोनमुळे काय झालं माहीत आहे का? सगळं सांगितलं. ते वाटेतच खाली बसले. "हमने तो सोचा, माताजी को सबसे पहले बताएँ." त्यांनी उलट आनंदाने फोन केला होता. फोटोतली जागा सापडली म्हणजे माणूस जवळच असेल, म्हणून.
मला त्यांच्यावर चिडायचं होतं. वर्षभर चिडलेच होते की. आज जमलं नाही.

१८
तळ्याशी पोचलो असं करम सिंग म्हणतात. मला काही दिसत नाही. धुकं. पाण्याचा आवाज आहे, पाणी नाही. दहा पावलांवरचा तंबू दिसत नाही. डोकं ठणकतंय. भात अर्धा कच्चा, तसाच गिळला. बॅटऱ्या थंडीने उतरतात म्हणून ब्लाऊजमध्ये ठेवल्यात.

१९
धुकं. दिवसभर काठाच्या दगडावर कॅमेरा घेऊन बसले. पांढरं, पांढरं, पांढरं. फोटो काढला एक. कोऱ्या कागदाचा फोटो. आई म्हणेल, हे काय दाखवतेस.

२०
आजही नाही. दुपारी गारा. करम सिंग म्हणतात उद्या सकाळी उतरायचं, डाळ आणि तांदूळ संपत आलेत, आणि वारा फिरलाय. मी म्हटलं अजून एक दिवस. ते म्हणाले, "बहनजी, एक को तो ढूँढ नहीं पाया."
देवा, पाच मिनिटं दे. फक्त पाच. मी जन्मात काही मागितलं नाही. (खोटं. गेल्या वर्षी मागितलं होतं.)

२१
उतरताना वाटेत लिहितेय, अक्षर लागणार नाही.
सकाळी करम सिंग मागे तंबू आवरत होते. मी काठावर. एकदम वारा आला आणि सगळं उघडं पडलं. हिरवं पाणी, पलीकडे काळा कडा, वर नवा बर्फ. दादा जिथे उभा होता तो दगड पण ओळखला, डावीकडे चीर असलेला. कॅमेरा डोळ्याला. सगळं नीट. उजेड असा की माझ्यासारखीलाही चुकवता आला नसता.
दगडावर कोणी नव्हतं. काठावर कोणी नव्हतं. कुठे कोणी नव्हतं.
बोट बटणावर होतं. दाबायचंच होतं, त्यासाठीच आले. दाबलं असतं तर तो तिथे नाही हे मीच लिहून दिल्यासारखं. मी मोठी लेन्स लावली आणि पलीकडचा काठ बघत सुटले. प्रत्येक दगड. प्रत्येक घळ. काही निळं दिसतंय का, त्याची सॅक निळी होती. मग कॅमेरा खाली टाकला आणि ओरडले. दादा. दादा रे. घसा फुटेपर्यंत. करम सिंग धावत आले, त्यांना वाटलं मी पडले.
तोवर पुन्हा धुकं. चार मिनिटं असतील. एकही फोटो नाही.
वहिनीला काय सांगू?

२२
गावात उतरलो. करम सिंगांनी विचारलं, फोटो आया? मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांच्या बायकोने चहा दिला, माझे पाय गरम पाण्यात ठेवले.
वहिनीला फोन लावला. सांगितलं. मग, "तुला चार मिनिटं मिळाली, मंजू." मी हो म्हटलं. "एक बटण दाबायचं होतं गं." हो. तिने फोन ठेवला. तिचं चुकलं नाही. मीच वाट लावली, दुसऱ्यांदा.

२६, मुलुंड
घरी. आईने दार उघडलं. "इलंस? जेवलंस?" फोटोचं नावही नाही. जेवायला वाढलं, सोलकढी केली होती. वहिनी समोर बसली, माझ्याकडे बघितलं नाही. मी हात धुतला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. आई, फोटो नाही मिळाला. पण मी डोळ्यांनी बघितलं. तिथे पाणी आहे. त्या माणसाला तळं मिळालं होतं, दादा नाही. दादा कोणालाच मिळाला नाही. आणि शोधणाऱ्यांना नको म्हणून सांगणारी मी होते. मी थांबवलं त्यांना.
हे शेवटचं आजवर तिला बोलले नव्हते. वहिनीला पण नाही. वहिनीने तोंडावर हात ठेवला.
आई ताटं गोळा करत होती. करतच राहिली. मोरीत पाणी सोडलं. मग आतूनच विचारलं, "थंय जावक किती दिवस लागतत?"
सहा, म्हटलं. चालायचे दोन.
"मग फुडल्या वर्सा मी येतंय. तुमका शोधूक येणा नाय."
आम्हाला शोधता येत नाही, म्हणे. शहात्तर वर्षांची बाई. दुसऱ्या मजल्यावर चढताना तीनदा थांबते.

२८
वहिनी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. घर सोडून गेलेली पण नाही. आज सकाळी तिनेच हाक मारली, "मंजू, खिडकीत ये." खाली सोसायटीच्या आवारात आई. पातळ वर खोचलेलं, पायात माझे ट्रेकचे बूट, दोन नंबर मोठे. पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत, गेटपासून टाकीपर्यंत. खांद्याला शबनम पिशवी, त्यात काहीतरी जड. वॉचमन खुर्ची पुढे करत होता, तिने हातानेच नको केलं.
"थांबव त्यांना," वहिनी म्हणाली.
मी खाली गेले. थांबवायलाच. जवळ जाऊन शबनमचं ओझं माझ्या खांद्यावर घेतलं तर ती म्हणाली, तू फुडे हो, मी येतंय तुझ्या मागसून. आणि मी पुढे झाले.