काजळी, रुसवा आणि रविवार: व्याह्यांस खुलासा

कोपरगाव, २ फेब्रुवारी

व्याही श्री. अवधूतराव यांस नारायण मास्तरांचा कोपरगावाहून कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याखाली वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, मानात काही कमी केलं असं समजू नये.) आपली साखर, विहीणबाईंचा गुडघा आणि बाल्कनीतली ती आजारी तुळस यांना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे माझं ठीक आहे. गेल्या रविवारी आपल्या घरून, दुपारच्या पोळ्या सकाळीच तव्यावर असताना, मी न जेवता निघून आलो, त्याचा खुलासा लीनाने मागितला आहे. ती माझी मुलगी खरी, पण आता आपली सून आहे, तेव्हा खुलासा थेट आपल्यालाच करावा म्हटलं.

गोष्ट मागच्या वर्षीच्या गळीत हंगामातली. माझी मंडळी दिवाळीत वारली आणि कार्तिक संपायच्या आत लीनाने फोन लावून दिला: मनवा सकाळी काही खात नाही, बाबा, तुम्ही रोज साडेसातला व्हिडिओ कॉलवर या, तुमच्यासमोर तरी खाईल. मी आलो. आपली नात सहा वर्षांची, समोर दूध आणि कॉर्नफ्लेक्स, तोंड पाडून बसलेली. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या वाटीत काय आहे?" वाटीच नव्हती. मी उठून ज्वारीच्या लाह्या आणल्या, दूध ओतलं आणि तोंडाला येईल ते सांगितलं, की ही काजळी. आमच्याकडे हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडते आणि वाळत घातलेल्या धोतरावर पाकळ्या पाकळ्यांनी बसते (आपल्या सिंहगड रस्त्यावर नुसता धूर, त्यातून खाण्यासारखं काही पडत नाही), त्या पाकळ्या गोळा करून, गुळात घोळवून हा नाश्ता करतात, असं म्हणालो. मनवा म्हणाली, उद्या दुसरा. झालं. तीस वर्षं चित्रकला शिकवून जेवढं डोकं चालवलं नाही तेवढं त्या सात महिन्यांत चाललं. रुसवा नावाचा नाश्ता फक्त रुसलेल्या माणसाने खायचा, मध्येच हसलं तर तो मऊ पडतो. रविवार हा तिचा शोध: दुधात टाकल्या टाकल्या संपतो. सोमवार वाटीभर खाल्ला तरी वाटीभर उरतो. आजीची टिकली हाही तिचाच, लाल आणि गोल, टाळूला चिकटून बसणारा, जिभेने काढता न येणारा. रोजच्या नाश्त्याचं खोकं मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रंगवत असे, वजन, घटक आणि सूचनांसकट. ('काजळी खाऊन पांढऱ्या सदऱ्याच्या माणसास मिठी मारू नये.') नियम एकच, दोघांनी रिकामी वाटी कॅमेऱ्याला दाखवायची. तो नियमही मनवानेच घातला होता.

जूनमध्ये आपण मुलाकडे राहायला आलात. आपण बँकेतले, त्यामुळे आल्या आठवड्यात फ्रिजवर वेळापत्रक लागलं. त्यात 'साडेसात ते सात पन्नास: मौन नाश्ता'. मोबाईल समोर ठेवून जेवल्याने मुलांचा मेंदू आळसावतो, हे आपण कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रासह कळवलंत. मी उत्तरादाखल अंगठा दाखवला. (आपण त्याचा एकच अर्थ घेतलात.) बरं, मौन तर मौन, साडेसातचा कॉल बंद झाला. पण जानेवारीत आपल्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ आला. मनवा स्टेजवर उभी राहून रविवार आणि रुसवा सांगते आहे, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि आपण माईक हातात घेऊन म्हणता, "आमच्या घरात मुलांच्या कल्पनाशक्तीला पहिल्यापासून वाव आहे." मौन पाळून पाळून आपली कल्पनाशक्ती बरीच साठली असावी.

म्हणून मी खोक्यांची फाइल सुतळीने बांधली आणि शनिवारी पुण्याची एसटी धरली. राहुरीला राहीबाई नावाच्या एक बाई शेजारी बसल्या. त्यांनी फाइल मागून घेतली आणि एकेक खोकं नीट वाचलं. "मास्तर, ह्यो माल नगरला मिळंल का? नातीला न्यायचा हाय." मी म्हटलं, हा माल कुठेच मिळत नाही, तो नुसता मनात असतो. त्यांनी पुन्हा एकदा फाइल चाळली. "माल न्हाई तर खोकी कशाला केली येवढी?" मग त्या वांबोरीच्या फाट्यावर उतरून गेल्या. अवधूतराव, पुढचे चार तास मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

रविवारी सकाळी आपण सगळे टेबलाशी होतो. मनवा आता साडेसात वर्षांची. तिने आपल्या हाताने दोन इडल्या घेतल्या, चटणी घेतली, आणि स्केटिंगच्या क्लासला उशीर होतो म्हणून भराभर खाल्ल्या. मी फाइल उघडली. एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाचा अल्बम बघावा तशी तिने ती पाहिली, एकही पान न गाळता. शेवटी म्हणाली, "छान आहेत, आजोबा. मी लहान होते ना तेव्हा." आणि आपण इडलीचा तुकडा सांबारात बुडवत म्हणालात, "मास्तर, वेळ मात्र भरपूर मिळतो हो तुम्हाला."

मिळतो. म्हणून मी उठलो. पोळ्यांशी माझं काही वैर नव्हतं. खुलासा संपला. लोभ आहे तेवढा असू द्यावा, वाढवायची घाई नाही.

आपला,
नारायण

ता. क. १: फाइल आपल्या दिवाणावर राहिली. ती रद्दीत घालावी. माझी मागणी एवढीच आहे, असं हे पत्र लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं.

ता. क. २: जे लीनाला सांगितलं नाही ते आपल्याला सांगतो. मी जिन्याशी चपला घालत होतो तेव्हा मनवा स्केट्स हातात घेऊन मागून आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आता सकाळी खाता ना तुम्ही?" मी म्हटलं, खातो की. ती म्हणाली, "मग बरं. आजी गेल्यावर तुम्ही काही खातच नव्हता ना. आई म्हणाली होती, तू तोंड पाडून बस, म्हणजे आजोबा तुझ्यासाठी खातील. मला कॉर्नफ्लेक्स आवडायचेच." एवढं बोलून ती खाली पळाली. म्हणजे सात महिने भरवण्याचं काम चाललं होतं ते माझं, आणि ते एक सहा वर्षांची मुलगी करत होती. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, तेव्हा वेळापत्रकाचा दोष मी मागे घेतो. मौनाचा घेत नाही.

ता. क. ३: मी तिला खोटं सांगितलं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या सविताबाई परवा म्हणाल्या, "मास्तर, जूनपासून सकाळची वाटी घासायलाच येत न्हाई. कुठं हरवली का?" लीनाला हे कळवू नये, ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल. तरी आठ वाजता आपण मोकळे असाल तर व्हिडिओ कॉल करावा. बोललं पाहिजे असं नाही, आपला ओट्सचा वाडगा तेवढा समोर असू द्यावा. समोर कुणी खात असलं की मला घास जातो. कोण आहे, याबाबत मी आता चोखंदळ राहिलेलो नाही.