गेणभाऊंचा अर्ज

॥ श्री ॥

बेल्हे,
३ फेब्रुवारी २०२५

ती. भागूआत्यास,
वृषालीचा शि. सा. न. वि. वि.

बेल्ह्याहून लोणीला गाडीवर पाऊण तास लागतो आणि पत्राला चार दिवस. तरी तुझ्या हट्टापायी लिहितेय. बत्तीस वर्षं पोस्ट सांभाळलं पण स्वतःच्या नावचं एक पत्र आलं नाही, हे तू संक्रांतीला आलीस तेव्हा इतक्यांदा ऐकवलंस की आईच म्हणाली, लिही बाई एकदाचं.

बातमी वाईट आहे. आपल्या वॉशिंग सेंटरला ग्रामपंचायतीची नोटीस आलीय. गाड्या धुतलेलं पाणी उतारानं गेणभाऊंच्या विहिरीकडे जातं, असा त्यांनी अर्ज केलाय. तीन महिन्यांत पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय करायची, नाहीतर सेंटरला कुलूप. नोटिशीपेक्षा मला राग गेणभाऊंचा आलाय. शेजारी म्हणून त्यांची मोटारसायकल मी आजवर फुकट धुतली, वर चहा पाजला. आणि त्यांनी मागच्या मागे अर्ज ठोकला!

पुण्याहून सूरज नावाचा विक्रेता येऊन गेला. त्याचं मशीन लोखंडी कपाटाएवढं, पुढे हिरवे-निळे दिवे. घाण पाणी इकडून आत, स्वच्छ तिकडून बाहेर. तुझ्या धाकट्या भाच्याला, आदेशला, मागच्या महिन्यात मुलगी दाखवली, तेव्हाही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता. दुसरा एक जण पिण्याच्या पाण्याचं आर.ओ. मोठं करून देतो म्हणतो. यातलं काय घेऊ?

उत्तर पत्रानेच दे, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी,
वृषाली

॥ श्री ॥

लोणी,
१० फेब्रुवारी २०२५

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनला मी मुद्दाम तीनदा हाक मारू दिली. शेजारच्या सावळेरामला ऐकू जायला नको का?

आता कामाचं. तू मशीन बघतेस, पाणी बघत नाहीस. पुण्याच्या गाडीवर धूळ असते. बेल्ह्याचा बैलबाजार उठल्यावर टेम्पोतून काय निघतं, ते मी सांगायला नको. आणि चाकं धुवायला तीर्थ कशाला हवं? आर.ओ. चार तांबे घेतं नि दोन फेकून देतं. तू पाणी वाचवायला निघालीस की सांडायला?

त्या सूरजला म्हणावं, मशीन आणून चालवून दाखव. बाजाराच्याच दिवशी बोलाव, पण बाजार आहे हे सांगू नकोस. आधी पोटभर जेवू घाल, नंतर त्याला घास जायचा नाही.

गेणभाऊशी मात्र भांडू नकोस. त्याच्या मनात काय असेल ते आपल्याला काय ठाऊक?

आईच्या गुडघ्याची खुशाली कळव. इथून आशीर्वाद आहेतच.

तुझी,
भागूआत्या

बेल्हे,
२५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती भागूबाई,
निवृत्त पोस्टमास्तर, लोणी, यांस

आत्या म्हणून का लिहिलं नाही, ते खाली येईल.

सूरज पांढरे बूट घालून आला. आईनं मासवडी वाढली, त्यानं दोनदा मागून घेतली. तेवढ्यात जनावरं उतरवून पहिला टेम्पो आला. सूरजनं आत डोकावलं आणि हळूच विचारलं, हे रोजचंच असतं का. आदेशनं सांगितलं, छे हो, आज कमीच आहे.

मशीननं पंधरा मिनिटं दम धरला. मग हिरव्याचा लाल दिवा झाला, आतून उचक्या लागल्या आणि मागचा पाइप निसटला. बूट कुठल्या रंगाचे झाले ते लिहीत नाही. पण माणूस सरळ निघाला. हातपाय धुऊन म्हणाला, की हे यंत्र शेणासाठी बनलेलंच नाही; शेण-माती आधी काढलीत तर शेवटी आमचा लहान फिल्टर पुरेल, उगाच मोठा घेऊ नका.

म्हणून मुदत वाढवून मागायला ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी गेणभाऊंचा अर्ज पुढे ठेवला. गेणभाऊंना सही करायला पाच मिनिटं लागतात, आणि हा अर्ज मोत्यांसारख्या अक्षरात, समास सोडून, खाली पिनकोड आणि पिनकोडखाली दोन रेघा! त्यांना स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नाही. पिनकोडखाली दोन रेघा मारणारी बाई मला एकच माहीत आहे.

सख्ख्या भाचीच्या धंद्यावर उठलीस, आणि वर मलाच सल्ले देतेस! लोभ वगैरे तुझ्यापाशीच ठेव.

वृषाली

॥ श्री ॥

लोणी,
३ मार्च २०२५

चि. वृषालीस,
रागावलीस तरी आशीर्वाद.

हो, अर्ज मीच लिहिला. रेघा मारायला नको होत्या, पण हाताची सवय.

संक्रांतीला तुमच्याकडे आले तेव्हा वाण घेऊन गेणभाऊच्या घरी गेले होते. त्याची नात श्रेया ओट्यावर बसून हात खाजवत होती. कोपरापर्यंत लाल झालेले. आंघोळीचं पाणी त्या विहिरीचंच. गेणभाऊ म्हणाला, हवा बदलली की व्हतं आसं. खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलला. तुला सांगायला तो तीनदा आला होता गं. प्रत्येक वेळी तू हसत त्याची गाडी धुवून दिलीस, चहा पुढे केलास, आणि तो तसाच परत गेला. पोरीचं मीठ खाल्लं, आता तोंड कसं उघडू, म्हणाला. तुझी फुकटची धुलाई त्याला फार महागात पडली.

मीच तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू 'हो, हो' म्हणाली असतीस. सरकारी कागदाला 'हो, हो' म्हणून भागत नाही. तरी सही करायला त्यानं आठ दिवस लावले.

एकदा जाऊन विहीर बघ. मग वाटलं तर माझ्याशी बोलू नकोस. पश्चिमेकडच्या डोंगरातला गोकुळ म्हणून एक गवंडी आहे. तिकडच्या आश्रमशाळेत पोरांच्या आंघोळीचं पाणी गाळून त्यानं बाग फुलवलीय. त्याला तुझा पत्ता दिलाय. पिनकोडसकट.

तुझी, अजूनही,
भागूआत्या

॥ श्री ॥

बेल्हे,
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
वृषालीचा शि. सा. न.

दीड महिना लिहिलं नाही. आधी राग होता, मग लाज वाटत होती.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी विहिरीवर गेले. पोहरा वर ओढला तर पाण्यावर फेस, आणि त्याला आपल्याच शाम्पूचा लिंबाचा वास. गेणभाऊ धावत आले आणि म्हणाले, आज कमी हाय पोरी, उगं मनाला लावून घेऊ नगं. मला रडू फुटलं. त्या दिवशी चहा त्यांनी मला पाजला.

दुसऱ्या दिवशी सेंटर बंद केलं. त्यांच्या घरी आपल्या बोअरचा पाइप दिला आणि श्रेयाला डॉक्टरांकडे नेलं.

गोकुळनं आल्या आल्या एक टेम्पो धुवायला लावला आणि त्याचं पाणी बादलीत भरून ठेवलं. दुसऱ्या सकाळी बघितलं तर तळाला शेण-माती, वर तेलाचा तवंग, मध्ये बरं पाणी. तो म्हणाला, ताई, काय बांधायचं ते बादलीनं सांगितलं. मग उतारावर चार टाक्या झाल्या. पहिलीतल्या जाळीवर शेण अडतं. दुसरीत गाळ बसतो. तिच्यातून पुढे जाणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडवलंय, म्हणून तेल वरच राहतं. तिसरीत खडी नि वाळू. तिथून पाणी कर्दळीच्या वाफ्यातून चौथीत येतं, आणि शेवटी सूरजचा लहान फिल्टर. त्याला एकच दिवा आहे. आदेशची तेवढ्यावर समजूत काढली. शाम्पूही बदलला. शेवटचा हात ताज्या पाण्याचा, बाकी तेच पाणी फिरतं. उताराला आता थेंब जात नाही. ग्रामसेवक पाहून गेले, आणि परवापासून सेंटर सुरू झालं.

आता एक गंमत. लोणीच्या ग्रामपंचायतीकडून तुला लवकरच कागद येईल. तुझ्या न्हाणीचं पाणी पंधरा वर्षं रस्त्यावर वाहतंय आणि त्यात शेजारचे सावळेरामकाका दोनदा घसरले, असा त्यांचा अर्ज आहे. अक्षर ओळखीचं वाटलं तर मोठ्या मनानं घे.

माया वाढू दे, आणि न्हाणीसमोर जपून चाल.

तुझी,
वृषाली

बेल्हे,
१२ ऑगस्ट २०२५

पोरी वृषाली,
गेणभाऊचा रामराम.

सांगतोय मी, लिहितीया श्रेया. तिचं हात बरं झालं, म्हणून तर तिला धरून बसवलीया. समोर ऱ्हात्यात त्यांना पत्र कशाला, आसं ती इचारती. पर तोंडावर बोलाया आलो की तू चहा ठिवती, आन मग माझं ऱ्हाऊनच जातं.

ह्या पावसात इहिरीचं पाणी निवळलं. फेस न्हाई, वास न्हाई. डॉक्टरनी पाणी तपासून आणाया सांगितलं व्हतं, काल त्यो कागद बघून त्यांनी बी मान डोलावली. भागूच्या दारात गोकुळ शोषखड्डा खांदतोय, आन सावळेराम खुर्ची टाकून बघत बसतोय, आसं ऐकलं. लई बरं वाटलं.

आता माझी तक्रार. टाकीतलं पाणी वडायची तुमची ती नवी मोटार दुपारची लई आरडती. दोन ते चार बंद ठिवत जा, माझा डोळा लागत न्हाई. आन आदेश गाणी लावतो ती म्हाताऱ्या माणसानं ऐकावी आसली न्हाईत.

ही तक्रार कुणी माझ्या नावानं लिवलेली न्हाई. माझी मी करतोय. मान्य नसंल तर उद्या सकाळी बांधावर ये, उभं ऱ्हाऊन भांडू.

तुझा शेजारी,
गेणभाऊ