एका डोक्याला दोन हात

३ ऑगस्ट, रविवार

मागचा गुंता आजही सुटला नाही. पुढचं सगळं झालं — केस धुतले, खोबरेल चोपडलं, चार भाग केले, टोकाकडून मुळाकडे बोटांनी सोडवत आले. कानामागे पोचेपर्यंत दोन्ही हात भरून आले. आणि मग तो! मानेच्या वर, डावीकडे, लिंबाएवढा गोळा. आरशात दिसत नाही, बोटांना नुसता लागतो. कंगव्याचा एक दात मोडला.

बाकीचे केस गुणी आहेत. ओढले की खांद्यापर्यंत येतात, सोडले की टुणकन कानाशी. पण माणसाला पाठीमागे हात दिलेले नाहीत, त्याला मी काय करू?

रविवारी दुपारी राजमा-भात झाला की अख्ख्या गावाच्या पायऱ्या भरतात. वरच्या पायरीवर एकजण, खालच्या पायरीवर तिच्या गुडघ्यांत डोकं दिलेली दुसरी. "मान सरळ!" "अगं आई गं, हळू!" — सगळीकडून तेच. मी खिडकी लावून घेतली. मग उघडली. उकडत होतं म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

५ ऑगस्ट

डॅफ्नीला विचारलं. शेजारीण. अर्ध्या गावाच्या वेण्या तीच घालते.

"आयोनी, बाई, आज मनगट फार दुखतंय गं!"

संध्याकाळी पावाचं टोपलं घेऊन निघाले तर ही बया ओसरीत बसून मास्तरांच्या बायकोच्या वेण्या घालतेय — डोक्याला लागून, बारीक, एकेक भांग फूटपट्टीनं आखल्यासारखा. मनगट बरं झालं वाटतं! मला बघून कंगवा पाठीमागे लपवला. मी म्हटलं, पाव घेणार का? म्हणाली, दोन दे. आणि वर म्हणाली, "तुझ्यासारखा गोड पाव कुणाला जमत नाही." हसले. काय करणार?

६ ऑगस्ट

कुणी वाईट वागत नाही. तेच तर! ताप आला तर दारात सूप येतं. फक्त डोक्याला हात नाही.

१० ऑगस्ट, रविवार

एकदा लिहूनच टाकते. तोंडानं कुणी बोलत नाही, निदान कागद तरी ऐकेल.

एका डोक्याला दोघींनी एकदम हात लावायचा नाही. दोघींतली धाकटी मरते. हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळतं. जगात कुणी मानत नसेल, आम्ही मानतो. मानत नाही म्हणणारीसुद्धा दुसरा कंगवा हातात घेत नाही.

माझं डोकं लहानपणापासून मिस अल्वीराकडे. आई गेली तेव्हाही तिनंच मला गुडघ्यांत घेतलं, न बोलता वेण्या घातल्या. तिचा हात चांगला, तिच्या हातानं केस वाढतात असं सगळं गाव म्हणायचं. मर्ल तिची एकुलती एक मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझी बहीणच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी, चर्चमधल्या सुगीच्या प्रार्थनेच्या सकाळी उशीर झाला होता. बस यायची होती. उजवी बाजू मिस अल्वीराकडे. मर्ल आली, डावीकडे बसली आणि खुशाल वेणी घालायला लागली! मिस अल्वीरानं तिच्या हातावर फटका मारला. मर्ल म्हणाली, "मम्मा, मरायला मला वेळ कुठाय?" आम्ही तिघी पोट धरून हसलो. बस मिळाली.

दीड महिन्यात मर्ल डेंग्यूनं गेली.

डेंग्यूनं गेली हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पावसात गावात किती जणांना झाला होता! तरीही.

मातीनंतर मिस अल्वीरानं कुणाच्याच डोक्याला हात लावला नाही. मला रस्त्यात भेटली की "गुड मॉर्निंग." संपलं. माझ्याच डोक्यापायी तिची मुलगी गेली. तिला माझं तोंड बघवत नसेल. मला तरी कुठे आरशात बघवतं?

१४ ऑगस्ट

बसनं लिमोन शहरात गेले. बाजारामागे नवं पार्लर आहे. बाई डोंगरापलीकडची, आमच्यातली नव्हे. तिला काही ठाऊक नाही. म्हणूनच गेले.

तिनं माझ्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मानेवर बोटं ठेवली. बस, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी! "दुखलं का हो?" मी म्हटलं, हो. साफ खोटं. दोन वर्षांत तिथं कुणाचं बोट लागलं नव्हतं.

मग तिनं गोळा बघितला आणि तोंडानं च्-च् केलं. "हा सुटायचा नाही. असले केस म्हणजे वैताग. औषध लावून सरळ करू, नाहीतर मुळापासून कापू." औषध नको म्हटलं. लहानपणी एकदा चुलतबहिणीनं लावलं होतं, कानामागची कातडी सोलली गेली होती. कापायचं ठरलं. शनिवारी, तीस तारखेला. एकतीसला आमच्या, काळ्या लोकांच्या दिवसाची मिरवणूक. सगळ्या बायका डोकी नटवून येणार. आणि मी भादरलेली! जाऊ दे. निदान रोजचा छळ संपेल.

१७ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये बायका ठरवत होत्या कोण कुठे चालणार. "आयोनी पुढे. तिच्यासारखे दाट केस कुणाचे आहेत?" मी रुमालाची गाठ घट्ट केली.

२१ ऑगस्ट

पाव करपले. एक संपूर्ण घाणा! कुणाशी बोललेच नाही आज. संध्याकाळी घशातून आवाज काढून बघितला, आहे की नाही. आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

आज डॅफ्नी बोलली. मीच बोलायला लावलं. कुंपणाशी गाठलं आणि म्हटलं, मनगटाचं नाटक पुरे, खरं काय ते सांग.

आधी चिडली. मग रडायलाच लागली. "भीती वाटते गं. माझी दोन लेकरं आहेत."

"अगं, पण तू एकटीच लावणार ना हात? दुसरी कोण आहे इथे?"

ती खाली बघत म्हणाली, "मर्लची अर्धी वेणी राहिली होती ना डाव्या बाजूला? तिचा हात अजून तिथंच असेल तर? मी तिच्यापेक्षा लहान आहे."

हसू आलं, मग राग. म्हटलं, "दोन वर्षं मी रोज हात लावतेय. मी कुठे मेले?"

"तुझं डोकं तुझंच, आयोनी. ते वेगळं."

जाताना तिनं माझा दंड दाबला. दंडाला हात लावायची भीती नाही तिला.

घरी येऊन डाव्या बाजूला हात ठेवून बसले. तिथं कुणी असेल तर असू दे, असं वाटलं. खरंच वाटलं. मर्ल असती तर म्हणाली असती, "काय गं हे घुबडाचं घरटं!"

२८ ऑगस्ट

आमच्याकडे केस कापायचे तर ज्या हातानं वाढवले त्या हाताला विचारायचं. विचारल्याशिवाय कापले तर परत येत नाहीत म्हणतात. मला ते परत येण्याचं काही पडलेलं नाही. पण बिनविचारता कापले तर मी मिस अल्वीराला कायमचं सोडलं असं होईल. तिनं सोडलं असलं तरी मी सोडलेलं नाही.

दुपारी गेले. तिच्या अंगणात मर्लनं लावलेला नीरफणस केवढा उंच झालाय! दार तिनं अर्धंच उघडलं.

"मिस अल्वीरा, मी केस कापतेय. परवा. तुम्हाला विचारायला आले."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, रुमालाकडे बघितलं.

"काप," म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

घरी कशी आले आठवत नाही. रडले. जोरात रडले. डॅफ्नीनं ऐकलं असणारच. आली नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या बसला निघणार होते. चप्पल पायात, पिशवी खांद्याला. दार उघडलं तर पायरीवर मिस अल्वीरा! हातात पाण्याचं भांडं, काखेत एरंडेलाची बाटली आणि तो लाकडी कंगवा.

"बस," म्हणाली.

"पण तुम्ही कापायला सांगितलंत..."

"सांगितलं. बस म्हणते ना!"

बसले. गुडघे हाडकुळे झालेत तिचे. पाणी शिंपडलं, तेल मुरवलं, आणि एकेक केस टोकाकडून सोडवायला लागली. कंगव्यानं नाही, शिवायच्या सुईच्या टोकानं! मी मान हलवली की बोटाच्या पेरानं टकुऱ्यावर टोला. जसाच्या तसा. बस हॉर्न वाजवून निघून गेली.

डोक्यावर ऊन आलं तशा आत सरकलो. शेजारच्या ओसरीतून डॅफ्नी बघत होती. मिस अल्वीरानं तिकडं न बघता ओरडून सांगितलं, "बघतेस काय? उकळलेली जवसं आण!" डॅफ्नी पळत घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवली आणि पळत गेली. तो बुळबुळीत चीक लावल्यावर गोळा जरा सैल झाला.

तेव्हा मी विचारलं. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला. "माझ्यावर राग होता ना तुमचा?"

"तुझ्यावर?" हात थांबले. "अगं वेडे, मर्लचा हात माझ्या हाताला लागून चालला तो याच डोक्यात. मला वाटायचं, मी इथं हात घातला की तिची बोटं लागतील. इतकं वाटायचं की येववत नव्हतं. आणि तू कापणार म्हणालीस तेव्हा वाटलं, आता तीही जागा जाणार."

रस्त्यावरून कुणी तरी सायकल दामटत गेलं. मी विचारलं, "लागली?"

ती पुन्हा सोडवायला लागली. एक पीळ मोकळा करून म्हणाली, "नाही. तुझेच केस आहेत नुसते."

मग आम्ही दोघी रडलो. ती माझ्या केसांत, मी तिच्या परकरात.

दिवेलागणीला गुंता सुटला. सगळा! एकही बट कापावी लागली नाही. बारीक वेण्या घातल्या, मागे वळवून बांधल्या. मान एवढी हलकी वाटतेय की झोपायची इच्छा नाही. उद्या मिरवणुकीत पुढे चालेन.

३१ ऑगस्ट, रविवार

गेले नाही मिरवणुकीला. मिस अल्वीराला हाक मारायला गेले होते. तिनं आत घेतलं, खालच्या स्टुलावर बसली आणि माझ्याकडे पाठ करून रुमाल सोडला. माझ्यापेक्षा मोठा गुंता — अख्खं मागचं डोकं! तिचे केस मर्लच करायची. गावाला ठाऊक होतं. मलाही. दोन वर्षांत मला एकदाही सुचलं नाही.

"मर्लचा हात इथं रोज असायचा," ती म्हणाली. "आणि तू तिच्यापेक्षा लहान. भीती वाटते?"

"वाटते," म्हटलं. आणि पाणी शिंपडलं.